लाल संपलं, आता पुढे काय? दृश्य टायमरबद्दल वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात दृश्य टायमरची ओळख करून दिली होती. उरलेला वेळ आकड्यात न सांगता रंगाच्या तुकड्यात, वाळूत किंवा दिव्यांच्या रांगेत दाखवणारं आणि डोळ्यांदेखत कमी करत नेणारं हे साधन. “पाच मिनिटं थांब” हे वाक्य बोलून झालं की हवेत विरून जातं. ज्या मुलाला भाषा उशिरा उमगते किंवा काळाचा अंदाज येत नाही, त्याच्या हाती त्यातलं काहीच उरत नाही. रंग मात्र समोर राहतो. त्यावर बरीच पत्रं आली. सारख्या प्रश्नांची एकत्र उत्तरं देत आहोत.

“माझा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिस्टिक) आहे. मोजकेच शब्द बोलतो. ओटीच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) ताईंनी सांगितलं म्हणून लाल चकतीचा टायमर मागवला. मोबाइल काढून घ्यायच्या आधी दहा मिनिटं लावते. दोन दिवस त्याने नुसता बघितला, तिसऱ्या दिवशी फेकला. आता दिसला तरी कानांवर हात ठेवून रडतो. आमच्या मुलाला टायमर चालत नाही असं समजायचं का?” (एक आई, सातारा)

नाही. त्याला टायमर कळला, आणि अगदी बरोबर कळला: ही लाल चकती संपली की मोबाइल जातो. मग तो तिच्यावर का बरं खूश होईल? जवळजवळ प्रत्येक घरात सुरुवात इथूनच होते. घरातलं सगळ्यात अवघड भांडण मोबाइलचं असतं, म्हणून नवं साधन आधी तिथेच वापरून बघितलं जातं. पोहायला शिकवताना पहिल्याच दिवशी विहिरीच्या मध्यभागी सोडण्यातला हा प्रकार आहे.

टायमर दहा-पंधरा दिवस नजरेआड ठेवा. परत काढाल तेव्हा जमलं तर वेगळ्या रंगाचा किंवा वेगळ्या आकाराचा घ्या, म्हणजे जुनी आठवण चिकटून येणार नाही. आणि या वेळी उलट्या टोकाने सुरुवात करा. त्याला *नकोशा* वाटणाऱ्या गोष्टी लाल संपल्यावर थांबल्या पाहिजेत. नखं कापणं, केस विंचरणं, डोक्याला तेल चोळणं, यातलं एक निवडा. अर्धा मिनिट लावा. लाल संपलं की कंगवा लगेच खाली ठेवा, भांग अर्धा राहिला तरी. अर्ध्या भांगाने शाळेत गेलेलं चालेल. पण “थांब, एवढंच राहिलंय” म्हटलंत तर टायमर खोटा ठरतो. चार-पाच दिवसांत मूल विंचरताना स्वतःच टायमरकडे मान वळवून बघू लागलं, तर पहिला धडा झाला.

दुसरा धडा वाट बघण्याचा. झोका, चिवडा, पाण्याचा पाइप, जे काही प्रिय असेल ते *मिळण्याआधी* टायमर लावा. पहिल्यांदा फक्त दहा सेकंद. तेवढं शांतपणे जमलं की वीस, तीस, मग एक मिनिट. इथे टायमर संपणं म्हणजे हवी ती गोष्ट हातात येणं. बऱ्याच मुलांची टायमरशी खरी मैत्री इथेच होते. तिसऱ्या टप्प्यावर फार आवडत्याही नाहीत आणि नावडत्याही नाहीत अशा दोन गोष्टींमध्ये तो लावा: ठोकळे, मग चित्रं रंगवणं. मोबाइल सगळ्यात शेवटी.

मोबाइलच्या वेळी आणखी तीन गोष्टी पाळा. पहिली: टायमर फक्त “कधी संपणार” एवढंच सांगतो, “पुढे काय” हे सांगत नाही. स्वमग्न मुलाला बहुतेक वेळा दुसरा प्रश्न जास्त छळतो. म्हणून टायमरशेजारी ‘आधी–मग’ची पट्टी हवीच: डाव्या चौकोनात मोबाइलचं चित्र, उजव्या चौकोनात पुढच्या गोष्टीचं. ते पुढचं चित्र गृहपाठाचं नको. खाणं, गच्ची, उशांवर उड्या, असं काहीतरी असू द्या. गृहपाठ त्याच्याही नंतर. लाल संपलं की मोबाइलचं चित्र त्याच्याच हाताने ‘संपलं’च्या डब्यात टाकायला लावा. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात एरिक शॉपलर यांनी उभारलेल्या ‘टीच’ या पद्धतीत काम डावीकडून उजवीकडे सरकतं आणि उजवीकडे संपलेल्या कामाचा डबा असतो. घरी त्यासाठी श्रीखंडाचा रिकामा डबा पुरतो.

दुसरी: व्हिडिओ मध्येच तोडू नका. आपोआप पुढचा व्हिडिओ सुरू होण्याची सोय बंद करा आणि चालू असलेला व्हिडिओ संपेल त्या सुमाराला टायमर संपेल असा लावा. बडबडगीत शेवटच्या ओळीआधी बंद पडलं तर मोठ्या माणसालाही चुटपुट लागते. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ मध्ये एक ते पाच वर्षांच्या मुलांच्या पालकांकडून घेतलेल्या नोंदी तपासल्या, तर “आता दोनच मिनिटं हं” अशी पूर्वसूचना दिल्यावर स्क्रीन सोडताना होणारी रडारड कमी होण्याऐवजी वाढलेली दिसली. ती मुलं विशेष गरजांची नव्हती, पण मुद्दा इथेही कामाचा आहे. टायमर समोर असताना तोंडी इशारे देत राहिलं की वेळ दाखवणारा टायमर राहत नाही, आई होते. आणि आईशी भांडता येतं.

तिसरी: शब्द दर वेळी तेच आणि मोजकेच. “लाल संपलं. मोबाइल संपला. आता गच्ची.” बस्स. रडला तर शेजारी बसा, मोबाइल परत देऊ नका, पण समजावतही बसू नका. पुढच्या गोष्टीचं चित्र दाखवत राहा. टायमरचा ‘टीं-टीं’ आवाज बंद करा, कारण कानांवर हात ठेवण्यामागे आवाजही असू शकतो. आवाज बंद होत नसेल तर भोंग्याच्या छिद्रांवर चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावले तरी तो बराच दबतो.

आणि एक शंका. तुमच्याकडचा टायमर बहुधा साठ मिनिटांच्या चकतीचा आहे. त्यावर पाच मिनिटं म्हणजे ३० अंशांची बारीकशी फोड, दहा मिनिटं म्हणजे ६० अंश. सुरुवातीपासूनच लाल एवढंसं दिसलं, तर ते कमी होताना मुलाला काय दिसणार? लहान वेळांसाठी पाच किंवा वीस मिनिटांत पूर्ण फिरणारी चकती किंवा वाळूचं घड्याळ बरं.

“विकतचे टायमर महाग आहेत आणि आमच्या गावात मिळतही नाहीत. नातीसाठी घरी काही करता येईल का? हाताने वस्तू करायची मला सवय आहे.” (एक आजोबा, इचलकरंजी)

करता येईल, आणि आजोबा, तुम्ही हे साधन लहानपणी पाहिलंही असेल. लग्नात घंगाळातल्या पाण्यावर तरंगणारं घटिकापात्र आठवा. बुडाला बारीक भोक असलेली तांब्याची वाटी हळूहळू भरते आणि २४ मिनिटांनी बुडते. मांडवातल्या सगळ्यांना किती घटका उरली ते दिसत असे, कुणाला विचारावं लागत नसे. ‘घटका भरली’ हा वाक्प्रचार तिथलाच. आजची लाल चकती १९९० च्या दशकात अमेरिकेत सिनसिनाटीच्या जॅन रॉजर्स यांनी आपल्या चिमुरडीच्या “अजून किती वेळ?” या प्रश्नासाठी काढली. गरज जुनीच होती.

पण घरी पाण्याचं साधन करू नका. सांडतं, आणि पातळी उतरली की धारही मंदावते, त्यामुळे शेवटचा भाग रेंगाळतो. वाळूचं तसं नाही. वरती वाळू जास्त असो की कमी, ती भोकातून जवळपास सारख्याच वेगाने पडते. म्हणून बाटलीवर अर्ध्या वेळेची खूण करता येते.

अर्धा लिटरच्या दोन सारख्या, कडक, पारदर्शक प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. झाकणं पाठीला पाठ लावून चिकटवा आणि वरून चिकटपट्टी गुंडाळा. दोन्हींतून आरपार ३ मिलिमीटरचं भोक पाडा. ड्रिलनेच पाडा, तापवलेल्या खिळ्याने कडा वितळून ओबडधोबड होतात आणि वाळू अडते. नदीची वाळू धुऊन, कढईत कोरडी होईपर्यंत भाजून, थंड झाल्यावर मैद्याच्या चाळणीतून चाळा आणि खाली पडलेली तेवढीच घ्या. पाच मिनिटांसाठी पाव किलोपासून सुरुवात करा, घड्याळ लावून मोजा आणि वाळू कमी-जास्त करून वेळ जुळवा. बंद बाटलीत खालची हवा त्याच भोकातून वर येते, त्यामुळे वाळू मधूनमधून अडखळते. फारच अडखळली तर भोक किंचित मोठं करा. मीठ किंवा रवा वापरू नका. पावसाळ्यात मिठाला पाणी सुटतं आणि गुठळी बसते, रव्यात किडे होतात. मोहरी दिसायला छान, पण दाणा मोठा. भोक दाण्याच्या पाच-सहा पट रुंद नसेल तर ती अडकते आणि तेवढं रुंद केलं तर दोन मिनिटांत सगळी खाली.

वाळूच्या घड्याळाचा दोष असा की ते मध्ये थांबवता येत नाही, आणि काही मुलं ते मिनिटागणिक उलटं करत बसतात.

तुमच्या हाताला साजेसं काम भिंतीवरच्या साध्या घड्याळाचं आहे. एक स्वस्त घड्याळ यासाठीच राखून ठेवा. मागचे स्क्रू काढून काच बाजूला करा. सेकंदकाटा, मिनिटकाटा, तासकाटा या क्रमाने हलकेच सरळ वर ओढून काढा. मिनिटकाट्यावर बारीक नट असेल तर आधी तो सोडवा. मग फक्त मिनिटकाटा परत बसवा. पांढऱ्या कार्डपेपरची तबकडी कापा आणि कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्या, म्हणजे काटा न काढता ती खाली सरकवता येते. तिच्यावर लाल रंगाची फोड रंगवा. २० मिनिटांसाठी ८ च्या आकड्यापासून १२ पर्यंत, १० मिनिटांसाठी १० पासून १२ पर्यंत, ५ मिनिटांसाठी ११ पासून १२ पर्यंत. घड्याळामागची कळ फिरवून काटा फोडीच्या सुरुवातीला आणा. काटा १२ वर पोहोचला की वेळ संपली. मध्ये थांबवायचं असेल तर पेन्सिल सेल काढा.

एवढ्यावर थांबलात तर एक उणीव राहते. काटा पुढे गेला तरी मागचा लाल रंग तसाच दिसतो आणि मुलाला संपलेलं आणि उरलेलं यांतला फरक मनात करावा लागतो. त्यावर उपाय आहे. साध्या वहीच्या पांढऱ्या कागदाचं ६ सेंटिमीटर त्रिज्येचं अर्धवर्तुळ कापा आणि काट्याच्या *मागच्या* बाजूला, म्हणजे काटा जिथून आला त्या बाजूला, चिकटवा. लाल फोडही त्याच मापाची ठेवा, नाहीतर कडेला लाल उरेल. आता काटा पुढे सरकेल तसं अर्धवर्तुळ लाल झाकत जाईल आणि १२ वर पोहोचताच लाल संपलेलं असेल. ही युक्ती अर्ध्या तासापर्यंतच चालते. वीस मिनिटांच्या तबकडीत वेळ संपल्यानंतर आणखी दहा मिनिटांनी लाल पुन्हा डोकावू लागतं, म्हणून वेळ संपताच सेल काढून ठेवा. कार्डपेपर वापरू नका. त्याचं वजन एका बाजूला पडून काटा चढताना मागे राहतो. साध्या कागदानेही तो रेंगाळला तर घड्याळ भिंतीवर न लावता टेबलावर आडवं ठेवा. अर्धवर्तुळ काचेला घासतंय का ते बघा आणि नातीपुढे आणण्याआधी मोबाइलच्या घड्याळाशी एकदा पूर्ण वेळ ताडून घ्या.

या घरगुती घड्याळाचा एक फायदा विकतच्या टायमरला नाही. विकतच्या बऱ्याच चकत्यांवर शून्य वर असतं आणि आकडे डावीकडे वाढत जातात, म्हणजे १५ चा आकडा घड्याळातल्या ९ च्या जागी. शाळेत घड्याळ शिकत असलेलं मूल तिथे गोंधळतं. तुमचा काटा मात्र खऱ्या घड्याळाच्या जागांवरूनच फिरतो.

“मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. पट ३८. एक मुलगा अतिचंचल आहे, एका मुलीला ऐकू कमी येतं, तिच्या कानाला मशिन आहे. एका मुलासाठी टायमर लावला तर बाकीचे त्याला चिडवतात.” (एक शिक्षिका, नांदेड जिल्हा)

मग एकासाठी लावूच नका, वर्गासाठी लावा. फळ्याच्या बाजूला, मुलांच्या डोळ्यांच्या रेषेच्या थोडं वर, निदान ३० सेंटिमीटर व्यासाची चकती. हातात मावणारा टायमर शेवटच्या बाकावरून दिसत नाही. सगळा तास त्यावर दाखवू नका. ३५ मिनिटांचं लाल बघून अतिचंचल मूल पहिल्या मिनिटालाच हरतं. “या पाच गणितांना आठ मिनिटं”, “आता दोन मिनिटं शेजाऱ्याशी बोला”, असे तुकडे करा. बाकीच्या ३७ जणांनाही ते आवडतं, असा अनुभव शिक्षक सांगतात.

त्या मुलाचा तुकडा किती लांब ठेवायचा ते अंदाजाने ठरवू नका. तीन दिवस त्याला न सांगता मोजा: काम हातात घेतल्यापासून तो किती वेळाने पहिल्यांदा उठतो किंवा भरकटतो. सहा, चार आणि पाच मिनिटं आली तर सुरुवात चार मिनिटांपासून, म्हणजे तिन्हींतल्या सगळ्यात कमी वेळेपासून. सलग तीन दिवस जमलं की एक मिनिट वाढवा, दोन दिवस फसलं की एक मिनिट उतरा. लाल संपल्यावर त्याला हलायला मिळालं पाहिजे: वह्या गोळा करणं, खडू आणणं, पाणी पिऊन येणं. “छान बसलास, आता आणखी चार मिनिटं बस” हे बक्षीस नव्हे.

मुलीबाबत एवढंच की टायमर वाजला म्हणजे तिला कळलं असं धरू नका. वर्गाच्या गोंगाटात यंत्रातून सगळेच आवाज मोठे होतात. वेळ संपल्यावर फळ्याजवळ हात वर करायची एक ठरलेली खूण ठेवा, जी सगळ्यांसाठीच असेल.

“मुलगी नऊ वर्षांची, अध्ययन अक्षमतेचं निदान झालं आहे. टायमर लावला की तिचे हात घामेजतात, अक्षर आणखी बिघडतं, कधी वही फाडते. पण न लावावा तर दोन ओळी लिहायला तास जातो.” (एक बाबा, पुणे)

टायमर तिच्या मागे लागलाय. “एवढ्या वेळात हे संपव” असा तो लावला की ज्या मुलीचा हात आणि डोळा मुळातच सावकाश चालतात तिला रोज एक शर्यत हरायला लावतो. त्याचं काम उलटं करा: “लाल असेपर्यंत लिही. लाल संपलं की पेन खाली, झालं असेल तेवढं असेल.” मोजायचा तो वेळ, ओळी नाहीत. पाच मिनिटं लिखाण, तीन मिनिटं सुट्टी, असे तीन फेरे. सुट्टीलाही टायमर हवा, नाहीतर ती लांबत जाते आणि परत बसवताना भांडण होतं. टायमर थेट समोर न ठेवता थोडा बाजूला ठेवा, मान वळवली तरच दिसेल असा. तरीही घाम फुटत असेल तर चकती सोडून द्या आणि खालच्या प्रश्नात सांगितलेली पट्टी वापरा, तिच्यात काही हलत नाही.

तास लागण्याचं कारण वेळेत नसेलच असंही असू शकतं. फळ्यावरून उतरवण्याचं ओझं, पेन धरण्याची पकड, प्रश्नच न वाचता येणं, यातलं काही असेल तर कुठलाही टायमर ते सोडवणार नाही. विशेष शिक्षकांकडून आधी तेवढं तपासून घ्या.

बोर्डाच्या परीक्षेची काळजी आतापासून नको, पण माहीत असू द्या: केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत पात्र दिव्यांग विद्यार्थ्यांना तासाला निदान २० मिनिटं जादा देण्याची तरतूद होती, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. पुढे कधी घरी सराव कराल तेव्हा चार तास धरूनच करा. साठ मिनिटांच्या चकतीवर चार तास मावत नाहीत, त्यामुळे प्रश्नवार वेळ लावा.

“दवाखान्यात आणि एसटी स्टँडवर फार हाल होतात. टायमर नेतो, पण तो संपला तरी नंबर आलेला नसतो किंवा गाडी आलेली नसते.” (एक आई-बाबा, चिपळूण)

तिथे टायमर नेऊच नका. शेवट कधी होणार हे तुम्हालाच माहीत नाही, तेव्हा टायमरने दिलेला शब्द मोडणारच, आणि एकदा मोडला की घरचा टायमरही संशयित ठरतो.

अशा जागी उतरत्या आकड्यांची पट्टी चालते. १५ सेंटिमीटर लांब पुठ्ठा, त्यावर वेल्क्रोने चिकटवलेले ५, ४, ३, २, १ असे पाच चौकोन आणि शेवटी पुढच्या गोष्टीचं चित्र: डॉक्टर, बस. चौकोन कधी काढायचा ते *तुम्ही* ठरवायचं. वीस जण पुढे असतील तर पाच तसाच ठेवून द्या. नंबर जवळ आला की भराभर काढा. मुलाला मिनिटं कळत नाहीत, पण ‘आता कमी उरले’ हे कळतं, आणि तुम्ही खोटं बोललेले नसता. शेवटचा एक मात्र बस दिसल्यावरच काढा. पट्टी घरी आधी आठवडाभर वापरलेली असावी, स्टँडच्या गर्दीत तिचा पहिला प्रयोग नको.

(स्वयंपाकघरातल्या तीन शिट्ट्या हीसुद्धा अशीच पट्टी आहे. “तीन शिट्ट्या झाल्या की वरण-भात.” आवाजाला घाबरणाऱ्या मुलाला अर्थातच नाही.)

थोडक्यात विचारलेल्यांना थोडक्यात

*मुलगा चकती स्वतःच फिरवून शून्यावर आणतो.* हुशार आहे, टायमर त्याला कळलाय. हाताला लागणार नाही पण दिसेल असा, एक ते दीड मीटरवर ठेवा. आणि दिवसातून एकदा त्याला हक्काने फिरवू द्या, त्याच्या पसंतीच्या कामासाठी.

*वाळू पडताना बघतच बसतो, काम राहतं.* त्याच्यासाठी वाळूचं घड्याळ टायमर नाही, खेळणं आहे. खेळण्यांत ठेवा आणि वेळेसाठी चकती किंवा पट्टी घ्या. तेल-पाण्याचे रंगीत थेंब पडणारे टायमर तर बघण्यासाठीच असतात.

*दृष्टी अधू आहे.* पिवळ्या-पांढऱ्याची जोडी टाळा. काळ्यावर पिवळा किंवा पांढऱ्यावर गडद रंग, चकाकी नसलेला. अगदीच दिसत नसेल तर तारेत ओवलेले पाच मोठे मणी, एकेक करून दुसऱ्या टोकाला सरकवायचे.

*मोबाइलमधलं ॲप चालेल का?* ज्या मुलाला मोबाइल हवा आहे त्याच्यासमोर मोबाइलच टायमर म्हणून ठेवणं म्हणजे मांजरापुढे दुधाची वाटी घड्याळ म्हणून मांडणं. जुना फोन असेल तर विमान मोड चालू करा, ॲप स्क्रीनवर पिन करा (म्हणजे त्यातून दुसरीकडे जाता येत नाही) आणि स्क्रीन आपोआप विझण्याची वेळ वाढवा. नाहीतर तीस सेकंदांत चकती गायब होते आणि मूल समजतं की वेळ संपली.

*शौचाला बसवताना?* तीन ते पाच मिनिटं, त्याहून जास्त नाही, आणि जेवणानंतर पंधरा ते तीस मिनिटांनी, कारण पोट भरल्यावर आतड्याची हालचाल वाढते. झालं नाही तरी लाल संपलं की उठवायचं.

*जेवणाला फार वेळ लावते, टायमर लावू?* सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं) असेल, घास गिळायला त्रास होत असेल, ठसका लागत असेल तर अजिबात नको. घाईने घास श्वासनलिकेत जाऊ शकतो. हाच टायमर फिजिओथेरपीत मात्र उपयोगी पडतो. पाय ताणून धरल्यावर कधी सुटणार हे मुलाला दिसलं तर ते अंग कमी आखडतं.

*छोटा दिव्यांचा टायमर तोंडात घालतो.* लगेच काढून घ्या आणि आतला सेल बघा. नाण्यासारखा चपटा बटण सेल असेल आणि त्याचं झाकण स्क्रूने बंद होत नसेल, तर तो टायमर घरात ठेवू नका. गिळलेला बटण सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून गंभीर भाजतं. गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवू नका, घरी वाट बघू नका. तडक एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या आणि “बटण सेल” हे शब्द दारातच सांगा. फ्रिजवर लावायच्या टायमरमधली छोटी लोहचुंबकं सुटी झाली असतील तर तीही तितकीच धोक्याची. दोन गिळली गेली तर आतड्याच्या वेगवेगळ्या वेढ्यांतून एकमेकांना ओढून मधल्या भिंतीला भोक पाडतात.

*किती वर्षं वापरायचा?* उपयोग होतोय तोवर. पण अधूनमधून एखाद्या ओळखीच्या कामाला न लावून बघा. मुलाने स्वतःहून “लाल?” असं विचारत टायमर आणून दिला, तर त्या कामाला अजून हवा आहे. विचारलंच नाही, तर त्या कामापुरता तो कपाटात गेला तरी चालेल.

पुढच्या अंकात ‘आधी–मग’च्या पट्टीसाठी चित्रं कशी काढायची किंवा फोटो कसे घ्यायचे यावर. तुमचे प्रश्न त्याआधी पाठवा. पाठवताना मुलाचं वय, निदान आणि तो किती बोलतो हे लिहायला विसरू नका, नाव लिहिलं नाही तरी चालेल.